सही भाड्याने द्यावी का?

प्रश्न: मुलगी नुकतीच एमडी पॅथॉलॉजी झाली. तालुक्यातल्या तीन लॅबवाल्यांचं म्हणणं, ‘यायची गरज नाही, सहीचा स्कॅन आणि नोंदणी क्रमांक द्या, महिन्याला ठरलेली रक्कम पोचती करू.’ सगळेच करतात म्हणे. फार तर मेडिकल कौन्सिलची नोटीस येईल, एवढंच ना? – एक पालक

उत्तर: नाही, एवढंच नाही. तिघांनाही आजच नकार कळवायला सांगा.

लॅबच्या रिपोर्टवर सही पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण झालेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच हवी, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केलं. तुमच्या मुलीच्या सहीला गिऱ्हाईक आहे ते त्यामुळेच.

आता ही सही करते काय ते बघा. डेंगीच्या दिवसांत यंत्र प्लेटलेट ३०,००० दाखवतं. काही जणांच्या रक्तात ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणारं रसायन) नळीत प्लेटलेटचे गठ्ठे होतात आणि यंत्राला ते मोजता येत नाहीत. स्लाइड रंगवून तिच्या कडा मायक्रोस्कोपखाली पाहिल्या की गठ्ठे दिसतात. मग सायट्रेट या तशाच दुसऱ्या रसायनाच्या नळीत पुन्हा रक्त घेतलं की आकडा लाखाच्या वरही निघू शकतो. हे बघायला तिथे पॅथॉलॉजिस्ट लागतो. रिपोर्ट तसाच गेला आणि रुग्णाला विनाकारण प्लेटलेट चढवल्या, तर नातेवाईक खालची सही वाचतात. टेक्निशियनला कोण विचारतो?

तक्रार महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे जाते. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेतल्या नियम ७.७ प्रमाणे खोट्या किंवा दिशाभूल करणाऱ्या दाखल्यावर, रिपोर्टवर सही केली तर नोंदवहीतून नाव काढता येतं, ठरावीक काळासाठी किंवा कायमचं. सुनावणीत स्वतः किंवा वकिलामार्फत बाजू मांडता येते. पण एकाच सकाळी चाळीस किलोमीटरवरच्या दोन लॅबचे रिपोर्ट तिच्या सहीने निघाले असतील तर मांडणार काय? ती कुठल्या हॉस्पिटलात सीनियर रेसिडेंट म्हणून नोकरीला असेल, तर तिथली बायोमेट्रिक हजेरीच तिच्याविरुद्ध बोलेल. निलंबन म्हणजे प्रॅक्टिस बंद, स्वतःच्या लॅबमध्येसुद्धा. नाव काढल्याचं वर्तमानपत्रांत जाहीर करण्याची तरतूदही त्याच आचारसंहितेत आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या एथिक्स बोर्डाकडे अपिलाला ६० दिवस मिळतात. उद्या परदेशात नोंदणी करायची म्हटली, की ‘गुड स्टँडिंग’चं, म्हणजे नोंदणी निष्कलंक असल्याचं, प्रमाणपत्र याच कौन्सिलकडून आणावं लागतं.

सरळ मार्गानेही पैसे मिळतात, थोडे कमी. आधी एमडीची अर्हता कौन्सिलकडे नोंदवा. मग एखाददुसरी लॅब घ्यावी, हजर राहायचे तास लेखी करारात घालावेत आणि ती नसेल तेव्हा रिपोर्ट सुटणार नाहीत हेही त्यातच लिहून घ्यावं. सॉफ्टवेअरचा पासवर्ड फक्त तिच्याकडे असावा. रोजचे क्यूसीचे (यंत्रं बरोबर मोजतात का, त्या तपासणीचे) तक्ते तिने स्वतः पाहून सही करावी. इन्डेम्निटी विमा (रुग्णाने भरपाई मागितली तर कामी येणारा) पहिल्या दिवसापासून हवाच.

एखाद्या लॅबला स्कॅन आधीच दिला असेल, तर ‘आजपासून माझी सही व नोंदणी क्रमांक वापरू नये’ असं पत्र रजिस्टर्ड पोस्टाने पाठवून पोच जपून ठेवा. लॅबच्या जुन्या रजिस्टरला मात्र हात लावू देऊ नका. मागाहून भरलेल्या नोंदी चौकशीत उघड्या पडल्या तर प्रकरण आणखी चिघळेल.