कर्ता कोण, ते लिहायला लाव

अनेक आशीर्वाद.

तुझी मेल रात्री वाचली आणि सकाळी परत वाचली. केव्हीएम, म्हणजे लिनक्स कर्नलमधली व्हर्च्युअल मशीन चालवणारी सोय, तिच्या डॉक्युमेंटेशनचा पॅच (बदलाचा प्रस्ताव), त्यात 'स्लॉट डिलीट झाला की मेमरी सोडली जाते' असं वाक्य, आणि त्यावर तुझी दोन शब्दांची कमेंट: कोण सोडतं? पॅचवाल्याने कळवलं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. आता तू विचारतेस, कमेंट मागे घेऊ का? शब्दांचा कीस काढणारी म्हणून नाव पडेल का?

मागे घेऊ नकोस. ते वाक्य मोघम आहेच, शिवाय फसवं आहे. स्लॉट म्हणजे गेस्टला, त्या व्हर्च्युअल मशीनला, मेमरीचा एक भाग जोडून देणारी नोंद. मेमरी साइझ शून्य देऊन स्लॉट काढला की केव्हीएम गेस्टचं त्या भागाशी असलेलं नातं तेवढं तोडतं. होस्टवरची, म्हणजे खऱ्या यंत्रावरची, मेमरी आपल्याच प्रोग्रामने एममॅप करून (कर्नलकडून मागून) आणलेली असते. ती जागच्या जागी राहते, आणि परत करायची तीही आपल्याच प्रोग्रामने. कर्ता गाळलास की वाचणारा ते काम कर्नलच्या नावावर टाकून मोकळा होतो, आणि मेमरी गळत राहते.

शाळेत कर्मणी प्रयोग पाठ केला होतास ना? 'रामाकडून रावण मारला गेला.' तिथे 'रामाकडून' गाळलं तरी गोष्ट सगळ्यांना माहीत असते. इथे ती कोणालाच माहीत नसते, म्हणून तर लोक डॉक्युमेंटेशन उघडतात! कर्ता लिहायला लाव. गेस्ट, केव्हीएम, होस्ट कर्नल की यूझरस्पेस (कर्नलबाहेरचा आपला प्रोग्राम), या चौघांतलं एक नाव वाक्यात आलंच पाहिजे.

माझ्या या हट्टामागे काय आहे ते सांगतो. 'गेट डर्टी लॉग' हा केव्हीएमचा कॉल तुला माहीत आहे: मागच्या कॉलनंतर गेस्टने मेमरीच्या कुठल्या पानांवर लिहिलं त्याचा बिटमॅप मिळतो, पानागणिक एक बिट. पण मॅन्युअल प्रोटेक्टची (बिटं पुसणं आपल्या हाती ठेवणारी) सोय चालू नसेल, तर कॉल परतण्याआधी केव्हीएम ती बिटं पुसूनही टाकतं. मी तेव्हा जिथे काम करत होतो तिथल्या अंतर्गत दस्तऐवजात पहिला भाग होता, दुसरा नव्हता. रिव्ह्यू माझ्याकडे आला. 'मागच्या कॉलनंतर' या शब्दांवर मी क्षणभर अडखळलो होतो. मागचा कॉल कोणाचा? पण शुक्रवारची संध्याकाळ होती, लेखक ज्येष्ठ होता. 'ठीक आहे' लिहून दिलं. पुढे एकाने आकडेवारी गोळा करायला दुसऱ्या थ्रेडमधून तोच कॉल लावला. नावात 'गेट' आहे, वाचल्याने काय बिघडणार? लाइव्ह मायग्रेशनला, म्हणजे चालू गेस्ट दुसऱ्या होस्टवर हलवताना, जी बिटं हवी होती ती या थ्रेडने आधीच नेली. ती पानं दुसऱ्या होस्टवर गेलीच नाहीत, आणि गेस्ट तिथे जुन्या पानांवर चालू झाला. त्यात एका ग्राहकाचा डेटाबेस होता. कारण सापडायला आम्हाला तीन आठवडे लागले. मला अडखळायला एक क्षण पुरला होता, आणि तो मी गिळला. त्यानंतर मी एकही वाक्य कर्त्याशिवाय पुढे जाऊ दिलेलं नाही. काहींनी मला रिव्ह्यूला घेणं सोडलं. सोडू देत. माझं चुकलं असं मला आजही वाटत नाही.

'सगळ्यांना ठाऊक असतं' हे तर मला ऐकवतच नाही. केव्हीएमच्याच एपीआय दस्तऐवजात, मेमरीमागच्या मॅपिंगमधले बदल गेस्टमध्ये आपोआप दिसतात हे सांगताना 'एमॲडव्हाइज, मॅडव्ह ड्रॉप' असं उदाहरण वर्षानुवर्षं छापलेलं होतं. एमॲडव्हाइज म्हणजे मेमरीच्या भागाचं काय करायचं ते कर्नलला सांगणारा कॉल; लिनक्समध्ये त्याला असा पर्यायच नाही! आहेत ते 'डोंटनीड' आणि 'रिमूव्ह', आणि दोघांचा परिणाम वेगळा. शेअर्ड फाइलवर डोंटनीड केलं तर आपल्या प्रोसेसचं मॅपिंग जातं आणि फाइलमधला ताजा मजकूर पुन्हा वाचता येतो. रिमूव्ह केलं तर फाइललाच भोक पडतं. कोणी काय टाकलं आणि कोणाचं गेलं, हे विचारल्याशिवाय ते उदाहरण दुरुस्तही करता येत नाही.

आणि आता तर गुंता वाढलाय. 2024 च्या लिनक्स 6.8 पासून गेस्टमेमएफडी आलं, गेस्टची मेमरी फाइलच्या रूपात देणारी सोय. गेस्टच्या एकाच फिजिकल पत्त्यामागे शेअर्ड मेमरी एकीकडे आणि प्रायव्हेट दुसरीकडे असू शकते. अशा वेळी नुसतं 'मेमरी' किंवा नुसतं 'ॲड्रेस' लिहिलेलं मी मान्य करणार नाही, तूही करू नकोस. गेस्ट व्हर्च्युअल, गेस्ट फिजिकल, होस्ट व्हर्च्युअल, होस्ट फिजिकल. चारांपैकी कुठला ते लिहायला लाव.

कोड सोडून शब्दांत वेळ घालवतेय असं मनात आणू नकोस. कोड पुढच्या आवृत्तीत बदलता येतो; पण लोकांनी डॉक्युमेंटेशन वाचून त्यावर प्रोग्राम बांधले, की तिथला शब्द आपल्या हातात राहत नाही.

एक मात्र तुझं चुकलं. नुसता प्रश्न टाकून थांबलीस. बदली वाक्यही दे: 'स्लॉट डिलीट केल्यावर केव्हीएम गेस्टमधलं मॅपिंग काढतं, होस्टवरची मेमरी यूझरस्पेसने स्वतः परत करावी.' याचं नीट इंग्रजी करून आजच पाठव, आणि व्ही-टू (पॅचची दुसरी आवृत्ती) आला की मला सीसीत ठेव.