केस पेपरवर नसलेली पूड

प्रश्न : सर, मी दंतवैद्यकाची इंटर्नशिप करते आहे आणि संध्याकाळी एका ज्येष्ठ डॉक्टरांच्या दवाखान्यात मदतीला जाते. रूट कॅनाल भरताना ते नेहमीच्या सीलरमध्ये, म्हणजे मुळातली पोकळी बंद करणाऱ्या मिश्रणात, स्वतः निवडलेली एक पूड मिसळतात. तिच्यामुळे दुखणे लवकर थांबते, असे ते सांगतात. रुग्णांना याची कल्पना नसते आणि केस पेपरवर मी फक्त ‘रूट कॅनाल पूर्ण’ एवढेच लिहिते. मलाही काही नवे शोधावेसे वाटते, पण हे पाहिल्यावर संशोधनाकडे वळावे की त्यापासून लांबच राहावे, हे कळेनासे झाले आहे.

उत्तर : तुझे पत्र वाचताना माझी नजर त्या केस पेपरवर खिळली. पुडीची नोंदच नसेल, तर ती गुणकारी आहे की घातक, हे उद्या कोणालाही, अगदी त्या डॉक्टरांनाही, सांगता येणार नाही. ज्यांचे दुखणे थांबले ते त्यांच्या लक्षात राहतात आणि ज्यांचे थांबले नाही ते बहुधा दुसऱ्या दवाखान्यात जातात. शिवाय रूट कॅनालनंतरचे दुखणे बहुतेक वेळा काही दिवसांत आपोआप ओसरते, त्यामुळे त्याचे श्रेय पुडीला देऊन टाकणे फार सोपे असते. ज्याला संशोधन समजून तू बिचकते आहेस, ते संशोधन नव्हेच.

दातांच्या बाबतीत चुकीचे पाऊल सहसा मागे घेता येत नाही. दात हिरडीबाहेर येतो तोवर इनॅमल, म्हणजे दातावरचे कठीण आवरण, घडवणाऱ्या पेशी संपलेल्या असतात, त्यामुळे कोरलेले इनॅमल पुन्हा तयार होत नाही. पॅराफॉर्मल्डिहाइड मिसळलेली रूट कॅनालची पेस्ट एके काळी अनेक दंतवैद्यांनी विश्वासाने वापरली. ती मुळाच्या टोकातून निसटून खालच्या जबड्यातील नसेपर्यंत गेल्यामुळे ओठ आणि हनुवटी कायमची बधिर झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नोंदींत आहेत. असा रुग्ण उद्या दुसऱ्या डॉक्टरांसमोर बसला, तर दाताच्या मुळात काय भरले आहे हे त्यांनी कशावरून ओळखावे? रीतसर मंजुरी मिळवून बाजारात आलेली साधनेही फसलेली आहेत. १९८० च्या दशकात जबड्याच्या सांध्यात बसवलेली प्रोप्लास्ट-टेफ्लॉनची रोपणे चावण्याच्या दाबाने झिजली, त्यांच्या कणांमुळे आजूबाजूचे हाड खचत गेले आणि १९९०-९१ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला त्यांच्याबाबत इशारा देऊन ती परत मागवण्याची कारवाई करावी लागली.

याचा अर्थ नवे काही करूच नये, असा मुळीच नाही. १९५० च्या दशकात स्वीडनमधील पेर-इंगवार ब्रोनमार्क यांना सशाच्या हाडात बसवलेले टायटॅनियमचे उपकरण हाडाशी एकजीव झालेले आढळले. माणसाच्या जबड्यात पहिले दंतरोपण त्यांनी १९६५ मध्ये केले, न टिकलेली रोपणेही मोजून त्यांच्या गटाने १९८१ मध्ये पंधरा वर्षांचा लेखाजोखा प्रसिद्ध केला आणि १९८२ च्या टोरांटो परिषदेनंतर ही पद्धत जगभर स्वीकारली जाऊ लागली. मला त्यात टायटॅनियमइतकीच ती पंधरा वर्षेही मोलाची वाटतात.

मात्र केवळ काटेकोर नोंदींनी प्रयोग निर्दोष ठरत नाही. त्याच स्वीडनमध्ये १९४० च्या दशकात व्हिपेहोल्म येथील संस्थेत बौद्धिक अक्षमता असलेल्या रहिवाशांना दाताला चिकटणारी टॉफी मुद्दाम खायला दिली गेली. चिकट साखर वारंवार खाल्ल्याने दात किडतात, हे ज्ञान त्यातून पक्के झाले. पण ज्यांचे दात त्यासाठी किडले, त्यांची संमती कोणी घेतली नव्हती. ते वाचताना मला आजही अस्वस्थ वाटते.

१९६४ मध्ये स्वीकारलेला आणि २०२४ मध्ये पुन्हा सुधारलेला, माणसांवरील वैद्यकीय संशोधनाची नैतिक तत्त्वे सांगणारा हेलसिंकी जाहीरनामा सिद्ध न झालेल्या उपचाराला सरसकट मनाई करत नाही. सिद्ध उपचार उपलब्ध नसेल किंवा लागू पडत नसेल, तर तज्ज्ञांचा सल्ला आणि रुग्णाची समजून-उमजून दिलेली संमती घेऊन तो करता येतो. मात्र त्यातून मिळालेली माहिती नोंदवावी लागते आणि पुढे त्याची सुरक्षितता व परिणामकारकता संशोधनाने तपासावी लागते. तुझ्या डॉक्टरांपाशी नेहमीचा सीलर आहे आणि तो काम करतो, त्यामुळे ही सवलत त्यांना पहिल्याच अटीपाशी नाकारली जाते.

करिअरचे म्हणशील, तर संशोधनापासून लांब राहू नकोस. जिथे प्रबंधाचा आराखडा एथिक्स कमिटीपुढे ठेवल्याशिवाय एकाही रुग्णाला हात लावता येत नाही, अशा ठिकाणी पदव्युत्तर शिक्षण घे. दंतसाहित्यशास्त्र किंवा सार्वजनिक आरोग्य दंतशास्त्र हे तुझ्या कुतूहलाला साजेसे विषय आहेत. त्याआधी थोडे संख्याशास्त्र शीक, आणि कॉलेजात एखादी चाचणी सुरू असेल, तर रुग्णांना फेरतपासणीला बोलावण्याचे काम मागून घे. ते कंटाळवाणे वाटेल, पण उपचार टिकला की नाही हे तिथेच कळते.

आणि उद्या संध्याकाळी, पहिला रुग्ण येण्यापूर्वी, डॉक्टरांना नम्रपणे विचार, “सर, पुडीचे नाव आणि प्रमाण पेपरवर लिहू ना? रुग्णालाही सांगायला हवे.” ते हो म्हणाले तरी ती पूड मुळात का वापरायची, हा प्रश्न उरतोच, तो तुझ्या विभागप्रमुखांपुढे मांड. नाही म्हणाले, तर तिथले काम थांबव आणि विभागप्रमुखांना त्याच दिवशी भेट, कारण ज्यांच्या दातांत ती पूड आधीच भरली गेली आहे, त्यांना ते कळवण्याची जबाबदारी तुला एकटीला पेलणारी नाही.