चेलो-पियानोच्या कार्यक्रमाचे पास मिळालेत, पण वेस्टर्न क्लासिकलमधलं ओ की ठो कळत नाही. ‘30 वर्षं एकत्र वाजवणारी जोडी’ म्हणतात, त्यात ऐकायचं काय?

ओ की ठो मलाही कळत नव्हतं, त्यामुळे बिनधास्त जा. मी बडोद्याचा, दांडिया बाजारातला. सूरसागरासमोरच्या म्युझिक कॉलेजात (सयाजीरावांनी 1886 मध्ये मौलाबक्षांना घेऊन काढलेली गायनशाळा, तीच) पेटी शिकलो आणि गेली 22 वर्षं एकाच गायकाला साथ करतोय. म्हणजे जोडी काय असते ते आतून माहितीये, त्यातली भांडणं धरून.

तर मुंबईला बहिणीकडे गेलो होतो, ती मला ओढत एनसीपीएला (तिथलं नाटक-संगीताचं मोठं केंद्र) घेऊन गेली. चेलो (व्हायोलिनचा मोठा भाऊ, बसून पायांमध्ये धरून गजाने वाजवतात) वाजवणाऱ्या बाई आणि पियानोवाले काका, दोघंही साठीच्या पुढची, तरुणपणापासून एकत्र वाजवणारी. मी मनात धरून बसलेलो की चेलो म्हणजे गायक आणि पियानो म्हणजे आपली पेटी, मागून सूर देणार, गायकाने दम घेतला की तेवढी जागा भरणार, बस. पण बीथोव्हेन या जर्मन संगीतकाराचा ए मेजर सोनाटा (तीन-चार भागांची मोठी रचना) सुरू झाला (ओपस 69, म्हणजे रचनेचा क्रमांक, 1808 च्या सुमाराचा) आणि माझा हिशोबच चुकला. सुरुवातीला चेलो एकटाच, खाली खर्जात, पियानो गप्प. मग पियानो येऊन ते वाक्य पुरं करतो, आणि थोड्या वेळाने तेच वाक्य पियानो म्हणतो आणि उत्तर चेलो देतो. साथ कोण करतंय तेच कळेना! नंतर वाचलं की त्या काळी असल्या सोनाट्यांवर पियानोचं नाव आधी छापायचे, चेलोचं नंतर.

आता मुद्द्याचं. पियानोचा सूर एकदा वाजला की त्या क्षणापासून विझायला लागतो, वाजवणारा काही करू शकत नाही. चेलोचा सूर गजावर आहे, हवा तेवढा धरा, वाढवा. आणि पियानोचे सूर पेटीसारखेच आधीच लावून ठेवलेले, चेलोला पडदे नाहीत, बोट केसभर सरकलं की सूर सरकला, मींडही (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) निघते. आमच्याकडे पेटीवर मींड नाही म्हणून केवढा वाद झाला, 1940 मध्ये रेडिओवर पेटीला बंदीच आली होती. म्हणजे स्वभावाने न जुळणारी दोन वाद्यं आहेत ही, जुळवायचं काम माणसांचं. त्या दिवशी एका संथ जागी बाईंनी शेवटचा सूर इतका हळू सोडला की तो पियानोच्या विझण्यात मिसळून गेला, आधी कोण थांबलं ते मला कान देऊनही सांगता आलं नाही. काकांनी पाय पेडलवरून (हे दाबून ठेवलं की पियानोचा सूर घुमत राहतो) अगदी शेवटी उचलला, एवढंच दिसलं. हे एका रिहर्सलमध्ये होत नाही हो.

बसतात कशी ते पण बघा. आपल्याकडे साथीदार गायकाच्या तोंडाकडे बघत असतो, इथे चेलोवाली पियानोच्या पुढे, तोंड लोकांकडे, म्हणजे पियानोवाल्याकडे जवळजवळ पाठच. तिला तो दिसत नाही, त्याला तिचा गजाचा हात आणि खांदा दिसतो. ती सुरू करायच्या आधी नाकाने श्वास घेते, तो पुढच्या रांगेत ऐकू येतो. त्यावर हे चालतं!

सोनाट्याच्या दुसऱ्या भागात मात्र माझी फजिती झाली. त्याला स्केर्झो म्हणतात, जलद आणि खेळकर, तीन मात्रांचा, पियानोच सुरू करतो, पण आघात सगळे समेच्या अलीकडे, मी मांडीवर ताल धरला आणि चौथ्या आवर्तनात सम हरवून बसलो. बहिणीने हात दाबला. पण मजा पडली.

सगळ्याच जोड्या अशा गोड नसतात बरं का. ब्राम्स या संगीतकाराचा किस्सा सांगतात, पियानोवर स्वतः बसून इतकं दणकून वाजवत होता की चेलोवाला ओरडला, मला माझंच ऐकू येत नाहीये, तर हा म्हणे नशीबवान आहेस. आमचे बुवा हे वाचतील तर म्हणतील पेटीवाले सगळीकडे सारखेच.

जायच्या आधी तयारी म्हणून यूट्यूबवर रोस्त्रोपोविच (चेलो) आणि रिख्टर (पियानो) यांचं 1964 चं एडिनबराचं ब्लॅक अँड व्हाइट रेकॉर्डिंग बघा, किंवा यो-यो मा (चेलो) आणि इमॅन्युएल अ‍ॅक्स (पियानो) ऐका, या दोघांनी बीथोव्हेनचे चेलो-पियानोचे पाचही सोनाटे तरुणपणी रेकॉर्ड केले आणि त्यांचं नवं रेकॉर्डिंग 2021 मध्ये आलं. त्यांच्या जुन्या-नव्या दोन्हीतला ओपस 69 लागोपाठ लावून बघा. टाळ्या सगळे भाग संपल्यावर, मधे नाही, शंका आली तर शेजारचा काय करतो ते बघायचं. आणि जागा निवडता आली तर हॉलच्या डाव्या बाजूची घ्या, पियानोवाल्याचे हात तिकडूनच दिसतात.