चित्रात माणूस कुठे उभा आहे?

वास्तुकला आणि नेपथ्य यांसाठी लागणाऱ्या रेखाटनाविषयी गेल्या काही महिन्यांत या सदराकडे बरीच पत्रे आली. त्यांतल्या चार पत्रांना इथे उत्तरे देत आहे. पहिल्या दोन उत्तरांना अधिक जागा दिली आहे, कारण त्यांत मांडलेली अडचण बहुतेक शिकणाऱ्यांना येते.

प्रश्न : मी वास्तुकलेच्या पहिल्या वर्षाला आहे. माझी चित्रकला आठवीतच सुटली. वर्गातली काही मुले संगणकावर तासाभरात छायाचित्रासारखे रेंडरिंग, म्हणजे इमारतीचे रंग-सावल्यांसह पूर्ण चित्र, तयार करतात, तरीही शिक्षक हाताने काढलेली रेखाटनेच मागतात. माझी रेखाटने ‘प्रमाण नाही’ एवढ्याच शेऱ्यासह परत येतात. हाताला प्रमाण कसे लावायचे? आणि संगणक हाताशी असताना हे शिकणे खरोखर गरजेचे आहे का?
— एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : ‘प्रमाण नाही’ हा शेरा बहुधा खरा असेल, पण त्यावरून पुढे काय करायचे हे विद्यार्थ्याला कळत नाही. प्रमाणाची जाण मोजण्यातून येते, म्हणून पहिला महिना पेन्सिलीइतकाच मोजपट्टीला द्या. पाच मीटरचा टेप घेऊन घरातले स्वयंपाकघर मोजा: ओट्याची उंची आणि रुंदी, खिडकीचा तळ जमिनीपासून किती वर आहे, दाराची चौकट, जिन्याची पायरी. ओटा साधारण ८० ते ८५ सेंटिमीटर उंच भरेल, दार २१० च्या आसपास, पायरीची उंची १५ ते १८ आणि खुर्चीची बैठक ४५. हे सगळे १:२० या प्रमाणात काढा, म्हणजे प्रत्यक्षातला एक मीटर कागदावर पाच सेंटिमीटर होईल. आधी प्लॅन, म्हणजे वरून दिसणारा नकाशा, काढा, मग ओट्याच्या भिंतीचे एलेव्हेशन, म्हणजे समोरून दिसणारे सपाट चित्र, आणि शेवटी ओटा व खिडकी यांतून जाणारा सेक्शन, म्हणजे उभा छेद. सेक्शनमध्ये जे कापले गेले आहे त्याची रेषा ठळक आणि जे पलीकडे नुसते दिसते त्याची बारीक, ही शिस्त पहिल्या दिवसापासून पाळा. दोन आठवड्यांनी क्रम उलटा करा. कुठल्याही नव्या खोलीत शिरल्यावर आधी अंदाजाचा आकडा वहीत लिहायचा आणि मग टेप लावायचा. या दोन आकड्यांमधली तफावत जसजशी कमी होईल, तसतसे तुमच्या रेखाटनांतले प्रमाणही सुधारत जाईल.

त्यानंतर यथार्थदर्शनाकडे, म्हणजे पर्स्पेक्टिव्हकडे, वळा. पुस्तके बहुतेक वेळा लोपबिंदूपासून, म्हणजे समांतर रेषा दूरवर मिळताना दिसतात त्या बिंदूपासून, सुरुवात करतात, मी मात्र विद्यार्थ्यांना माणसापासून सुरुवात करायला सांगतो. कागदावर प्रथम एक आडवी रेषा ओढा. ती तुमच्या डोळ्यांची पातळी. सपाट जमिनीवर तुम्ही उभ्या असाल, तर तुमच्याच उंचीची सगळी माणसे, जवळची असोत वा दूरची, डोळ्यांनी त्याच रेषेला टेकतात. दूरच्या माणसाचे डोके खाली येत नाही, त्याचे पाय वर सरकतात. आता भिंतीलगत असे एक माणूस काढले की जमिनीपासून त्या रेषेपर्यंत साधारण दीड मीटर हे माप तुम्हाला त्या जागी मिळाले, आणि त्याच्या शेजारचे दार या मापाच्या १.४ पट उंच काढायचे हेही ठरले. कृष्णाकाठी घाटाच्या खालच्या पायरीवर बसून काढाल, तेव्हा डोळ्यांची पातळी खाली उतरेल आणि वर उभ्या असलेल्या माणसांची पावलेसुद्धा त्या रेषेच्या वर जातील. हा फरक एकदा स्वतःच्या हाताने काढून पाहिला की लोपबिंदूचे नियम पाठ करावे लागत नाहीत.

रेंडरिंग हा शब्द ऐकला की विद्यार्थी रंगाची पेटी उघडतात. माझा आग्रह आहे की पहिले सहा महिने रंग बाजूला ठेवावा आणि फक्त सावली शिकावी. एलेव्हेशनवर सावली टाकण्याची जी जुनी रीत आहे, तीत उजेड डावीकडून, वरून आणि पुढून असा येतो की त्याची दिशा प्लॅनमध्येही ४५ अंशांची दिसते आणि एलेव्हेशनमध्येही. या रीतीचा मोठा फायदा असा, की वस्तू भिंतीपासून जितकी पुढे आलेली असेल तितकीच तिची सावली भिंतीवर खाली उतरते. ६० सेंटिमीटरच्या छज्जाची सावली ६० सेंटिमीटर पडली की सपाट चित्र पाहणाऱ्यालाही छज्जाची खोली कळते. पुढे प्रत्यक्ष सूर्याशी ताडून पाहा. पुण्याच्या अक्षांशावर डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मध्यान्हीचा सूर्य सुमारे ४८ अंशांवर असतो, तेव्हा दक्षिणेच्या भिंतीवर त्याच छज्जाची सावली साधारण ६७ सेंटिमीटर येते. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात ती जवळपास १८० सेंटिमीटरपर्यंत उतरते आणि बहुतेक खिडकी झाकून टाकते. सावली काढता काढता इमारतीचे हवामानही असे समजत जाते.

एक गोष्ट मात्र सूत्रातून मिळत नाही, त्यासाठी दुपारी बाहेर जाऊन पाहावे लागते. उन्हात शहाबादी फरशी असलेल्या अंगणासमोर उभ्या राहा आणि छज्जाच्या खालच्या बाजूकडे नीट पाहा. ती सावलीत असूनही काळी दिसत नाही, फरशीवरून परतलेला उजेड तिला खालून उजळतो, आणि छज्जाची भिंतीवरची सावली मात्र तिच्याहून गडद असते. पेन्सिलीने सावल्या एकसारख्या काळ्या भरणारा विद्यार्थी नेमका हा फरक घालवून बसतो. 2बी पेन्सिलीने एकाच पांढऱ्या भिंतीच्या पाच छटा काढण्याचा सराव करा.

संगणक जरूर शिका, पण त्याच्याकडे मोजायला शिकून मग जा. जिना उभट झाला असेल किंवा खिडकी छातीच्या वर गेली असेल, तर संगणक ती चूकही तितक्याच सफाईने रंगवून देतो, आणि सफाईदार चित्रातली चूक शोधायला तयार नजर लागते.

प्रश्न : मी नोकरी सांभाळून हौशी रंगभूमीवर काम करतो. आमची संस्था दरवर्षी राज्य नाट्य स्पर्धेत उतरते आणि नेपथ्य माझ्याकडे असते. मी रंगवलेले चित्र सर्वांना आवडते, पण सेट उभा राहिला की तो चित्रासारखा दिसत नाही. चूक रंगवण्यात होते की बांधणीत?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : तुमचे पत्र वाचून मला माझाच एक जुना प्रयोग आठवला. एका नाटकासाठी मी वाड्याचा चौक उभा केला होता. जलरंगातले चित्र मी प्रेक्षागृहाच्या मध्यावरून, थोड्या उंचीवरून पाहिल्यासारखे काढले होते आणि ते दिग्दर्शकापासून निर्मात्यापर्यंत सगळ्यांनी उचलून धरले होते. पहिल्या प्रयोगाला मी दुसऱ्या रांगेत अगदी डावीकडच्या खुर्चीवर बसलो. चौकाच्या डाव्या भिंतीत मागच्या बाजूला एक दार होते आणि शेवटच्या प्रवेशात नायिका त्या दारातून घर सोडून जाते. ते दार मला दिसतच नव्हते. तिचे वाक्य ऐकू आले, पण ती उंबऱ्याशी थबकते तो क्षण त्या बाजूच्या साऱ्या प्रेक्षकांना मिळाला नाही. दुसऱ्या प्रयोगाआधी आम्ही ती भिंत तिरकी केली आणि दार पुढे आणले, पण त्या पहिल्या रात्रीच्या प्रेक्षकांचे नुकसान भरून निघाले नाही, याची खंत मला आजही आहे.

तेव्हा तुमचे रंगकाम चांगलेच असेल. चित्र एका खुर्चीतून काढलेले असते आणि नाटक मात्र शेकडो खुर्च्यांतून पाहिले जाते, घोळ तिथे होतो. ही अडचण फार जुनी आहे. इटलीत विचेन्झा इथे वास्तुविशारद पॅलाडिओने आराखडा केलेले आणि त्याच्या मृत्यूनंतर पूर्ण झालेले तेआत्रो ओलिम्पिको हे नाट्यगृह १५८५ साली सुरू झाले. त्याच्या रंगमंचामागचे लाकडी रस्ते स्कामोझ्झी या वास्तुविशारदाने असे बांधले आहेत की जमीन मागे चढत जाते, घरे लहान होत जातात आणि थोड्याच खोलीत लांबलचक रस्त्याचा भास होतो. पण नट त्या रस्त्यात मागे चालत गेला, तर तो घरांच्या मानाने राक्षसासारखा दिसेल. आपल्या संगीत नाटकांतले राजवाड्याचे आणि रस्त्याचे रंगवलेले पडदेही याच मर्यादेत वावरले. कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबूराव पेंटरांसारख्या कलावंतांनी ते पडदे असामान्य कौशल्याने रंगवले, तरी नटाला पडद्याच्या पुढेच राहावे लागे. पुढे ललितकलादर्श या नाटक मंडळीच्या नाटकांसाठी पु. श्री. काळे यांनी दारे-खिडक्यांच्या खोल्या रंगमंचावर उभ्या केल्या, आणि मग नेपथ्यकाराला चित्राबरोबर प्लॅनही विचारपूर्वक काढावा लागू लागला.

पुढच्या नाटकाला चित्राआधी ग्राउंड प्लॅन काढा. ज्या नाट्यगृहात प्रयोग आहे तिथल्या दर्शनी चौकटीची रुंदी-उंची, रंगमंचाची खोली, विंगांमधली जागा आणि पहिल्या रांगेतल्या दोन टोकांच्या खुर्च्यांची जागा स्वतः मोजून आणा, कारण दोन नाट्यगृहे सहसा सारखी नसतात. प्लॅनवर त्या दोन खुर्च्यांपासून चौकटीच्या कडेला लागून जाणाऱ्या रेषा ओढा. रेषेपलीकडे जे राहते ते त्या प्रेक्षकाला दिसत नाही. हेच सेक्शनमध्ये बाल्कनीच्या शेवटच्या रांगेसाठी करा, म्हणजे वरच्या लेव्हलवर, म्हणजे उंच चौथऱ्यावर, उभ्या असलेल्या नटाचे डोके वर टांगलेल्या झालरीआड जाते का, हे कळेल. मग १:२५ या प्रमाणात पुठ्ठ्याचे मॉडेल करा. १६५ सेंटिमीटर उंचीचे माणूस त्यात ६.६ सेंटिमीटरचे होते, ते कापून आधी उभे करा आणि मॉडेल तिरक्या बाजूंनी पाहा. तालमीच्या हॉलमध्ये जमिनीवर पूर्ण मापाने चिकटपट्टी लावून प्लॅन उतरवला, की दोन नटांना त्या जिन्याच्या कोपऱ्यात एकमेकांना ओलांडता येते की नाही, हे दिग्दर्शकालाही दिसते. हे सगळे झाल्यावर रंगीत चित्र काढा, आणि एक मध्यावरून काढलेत तर दुसरे डावीकडच्या शेवटच्या खुर्चीतून काढा.

फ्लॅटचे, म्हणजे सेटच्या भिंतींच्या सुट्या तुकड्यांचे, आकारही याच टप्प्यावर ठरवा. टेम्पोत न मावणारा फ्लॅट चित्रात कितीही शोभला तरी दौऱ्यात तो कापावाच लागतो.

प्रश्न : मी वास्तुविशारद आहे आणि आता नेपथ्याकडे वळायचे आहे. माझी रेंडरिंग ‘इमारतीसारखी’ दिसतात, असे दिग्दर्शक म्हणतात. सराव कसा बदलू?
— एक वाचक, पुणे

उत्तर : ही वाट तुमच्याआधी मोठ्या माणसांनी चालली आहे. बर्लिनचे आल्टेस म्युझियम बांधणाऱ्या शिंकेलने १८१६ साली तिथल्याच ऑपेरागृहात झालेल्या मोत्सार्टच्या ‘मॅजिक फ्लूट’साठी त्यातल्या रात्रीच्या राणीचा ताऱ्यांनी भरलेला घुमट रंगवला होता, आणि त्याच्या नेपथ्यचित्रांत वास्तुविशारदाची मापाची शिस्त कुठेही ढळलेली नाही. तेव्हा तुमचे आधीचे शिक्षण अडसर ठरेल, अशी भीती बाळगू नका.

फरक उजेडाच्या सुरुवातीचा आहे. इमारतीचे चित्र पांढऱ्या कागदावर, म्हणजे दिवसात, सुरू होते आणि आपण त्यात सावल्या घालत जातो. रंगमंच अंधारापासून सुरू होतो आणि तिथे जे काही दिसते ते कुणीतरी ठरवून उजळलेले असते. म्हणून तुम्ही कागद बदला. काळ्या किंवा गडद करड्या कागदावर पांढऱ्या पेन्सिलीने फक्त उजेड काढा, किंवा संपूर्ण कागद कोळशाने भरून खोडरबराने उजेड उचलून घ्या. न्यूयॉर्कमध्ये १९१६ च्या बांधकाम-नियमांनी उंच इमारतींना मागे-मागे सरकत चढायला भाग पाडले, तेव्हा ह्यू फेरिस या वास्तुचित्रकाराने १९२२ साली त्या नियमांतून इमारतीचा आकार कसा घडेल हे अशाच गडद, कोळशाच्या चित्रांतून दाखवले. बारीक तपशील न काढता त्याने इमारतींचे नुसते घन आकार अंधारातून पुढे आणले. ती चित्रे रंगमंचाची नाहीत, तरी नेपथ्य शिकणाऱ्याने ती बारकाईने पाहावीत असे मला मनापासून वाटते.

दुसरा बदल संख्येचा. इमारतीसाठी एक मोठे चित्र पुरते, नाटकाला प्रवेशागणिक एक असे तळहाताएवढे चित्र लागते. सेट तोच राहील, पण नट कुठे आहे आणि त्याच्यावर कुठल्या दिशेने उजेड पडतो आहे, हे प्रत्येक चित्रात बदलेल. अशी दहा-बारा चित्रे घेऊन दिग्दर्शक आणि प्रकाशयोजनाकार यांच्याबरोबर बसा.

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे आणि तिला पुढे वास्तुकला शिकायची आहे. आतापासून महागडा क्लास लावावा का?
— एक पालक, नाशिक

उत्तर : आत्ता घाई करू नका. कला संचालनालयाची एलिमेंटरी ही चित्रकलेची परीक्षा झाली असेल तर तिला शाळेमार्फत इंटरमिजिएटला बसवा. त्यातले वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि भूमिती हे तिन्ही विषय पुढे थेट उपयोगी पडतात, आणि घनभूमिती समजून केली तर प्लॅन-एलेव्हेशन तिला परके वाटणार नाही. वास्तुकलेच्या पाच वर्षांच्या पदवीसाठी द्यावी लागणारी ‘नाटा’ ही परीक्षा बारावीच्या सुमारास येते. तिच्यासाठी क्लास लावायचाच असेल तर अकरावीनंतर लावा, आणि प्रवेश घेण्याआधी तिथल्या मुलांच्या वह्या पाहायला मागा. सगळ्या वह्यांत तीच झाडे, तीच घरे आणि तोच सूर्यास्त असेल, तर तिथे जाऊ नका. तोपर्यंत तिला २०० पानांची साधी वही, एक एचबी आणि एक 4बी पेन्सिल आणि एक टेप आणून द्या. रविवारी पंचवटीत गोदाघाटावर नेऊन तासभर बसू द्या आणि तिने काढलेल्या देवळाशेजारी एक माणूस तेवढे आठवणीने काढायला सांगा.