अॅपच्या आधी: बोर्डवर 'नको' आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगा अकरा वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर नीट ताबा नसणं), बोलत नाही, ऐकू नीट येतं, निवासी संस्थेत राहतो. त्याला आपलं म्हणणं सांगता यावं म्हणून टॅबलेटवरचं अॅप घ्यावं की नजरेवर चालणारं यंत्र, आणि त्याआधी बुद्ध्यांक चाचणी करावी का?

चाचणीचं आधी सांगतो. इतर कशासाठी लागत असेल तर करा, संवादसाधन देण्याची अट म्हणून करू नका. ज्याच्याकडे उत्तर द्यायचं साधनच नाही त्याची समज मोजणार कशी? बोलणारं बाळ पहिला शब्द काढण्याआधी वर्षभर नुसतं ऐकत असतं, तेव्हा त्याची पात्रता कोणी तपासत नाही.

अॅपचं शेवटी. कारण संस्थेतल्या मुलाची खरी अडचण वेगळी असते. घरी निदान एका माणसाला तरी त्याच्या मान वळवण्याचा, ओठ मुडपण्याचा अर्थ माहीत असतो. संस्थेत पाळ्या बदलतात, माणसं सोडून जातात, आणि सगळं घड्याळाप्रमाणे मिळत असल्यामुळे मुलाला काही मागावंच लागत नाही. अशा ठिकाणी महागडं यंत्र आलं तरी ते थेरपीच्या तासाला कपाटातून निघतं आणि तास संपला की परत कपाटात जातं.

आता ज्या कारणाने हे उत्तर लिहायला बसलो ते. न बोलणाऱ्या मुलांसाठी संवादाचा बोर्ड असतो: चित्रं-शब्दांच्या चौकोनी घरांचा तक्ता, मूल घर दाखवून म्हणणं सांगतं. एका संस्थेत या बोर्डवरून 'नको' आणि 'थांब' ही दोन घरं काढून टाकली होती. कारण काय, तर आंघोळीला वेळ लागायला लागला. मुलगी 'नको' दाखवते, ताई थांबते, मागची मुलं खोळंबतात. व्यवस्थापकांचं म्हणणं होतं, 'आपण तिला मागायला शिकवतोय, नाही म्हणायला नाही.' तो वाद तिथे अर्धवट राहिला, इथे पुरा करतो.

घर काढल्याने नकार जात नाही. तो चावण्यात, किंचाळण्यात, अंग ताठ करण्यात जातो. स्नायू आखडलेल्या मुलाला घाईने, न सांगता उचललं की ते आणखी आखडतं. मग गुडघे उघडत नाहीत, बाही निघत नाही, आणि वाचवलेला वेळ तिथेच जातो. वर फाइलमध्ये शेरा पडतो: 'वर्तनसमस्या'.

करायचं ते असं. बोर्ड मुलगी पलंगावर असतानाच समोर धरायचा, न्हाणीघरात नेल्यावर नाही. टॉवेल हातात द्यायचा किंवा गालाला लावायचा, रोज तोच टॉवेल. मग किमान दहा सेकंद गप्प राहायचं. हे सगळ्यात अवघड असतं. बहुतेक जण तिसऱ्या सेकंदाला प्रश्न पुन्हा विचारतात आणि मुलाची निम्मी झालेली हालचाल वाया जाते. तिने 'नको' दाखवलं तर आपणही त्या घराला बोट लावून म्हणायचं, 'नको म्हणतेस.' मग पर्याय: आत्ता की नंतर, कोणी घालायची (कर्मचाऱ्यांचे फोटो), आणि दुखतंय का. 'दुखतंय' आलं तर शरीराच्या चित्रावर जागा विचारा. न चालणाऱ्या मुलांमध्ये खुब्याचा सांधा सरकणं नेहमीचं आहे. शिवाय बद्धकोष्ठता, दात, मासिक पाळी, बसून झालेल्या जखमा हे सगळं 'वर्तन' म्हणायच्या आधी तपासा.

आणि टाळताच येत नसेल तर तसं स्पष्ट सांगा: 'नको म्हणालीस ते कळलं. कपडे ओले आहेत, बदलावे लागतील. आधी हात की आधी पाय?' मात्र दिवसातून काही नकार खरोखर चालले पाहिजेत. हा शर्ट नको, याच्या शेजारी नको, आज गाणी नकोत. एकही चालला नाही तर मूल ते घर वापरायचं सोडतं, आणि मग आपणच म्हणतो, 'याला समजत नाही.'

न्हाणीघराचा बोर्ड वेगळा, चार-सहा घरांचा. लॅमिनेशन जाड, 250 मायक्रॉनचं, आणि कागदाच्या कडेला लागून कापू नका. चारी बाजूंनी पाच मिलिमीटर प्लास्टिक सोडा, नाहीतर पाणी शिरून आठवडाभरात शाई पसरते. कोपरे गोल करा. फिल्म मॅट घ्या, चकचकीत फिल्मवर दिव्याची तिरीप पडून चित्र दिसत नाही.

मुख्य बोर्डवर घरं भरपूर ठेवा, चाळीस-साठ. बोटाने किंवा मुठीने जमेल इतकं घर मोठं पाहिजे. एका पानात मावत नसेल तर पानं वाढवा, शब्द कमी करू नका. घरांची जागा कधीही बदलायची नाही, कारण हात जागा लक्षात ठेवतो. 'पाणी', 'शौचालय', 'भूक' एवढ्यावर थांबलेला बोर्ड कर्मचाऱ्यांच्या सोयीचा असतो. त्यावर 'आणखी', 'वेगळं', 'कुठे', 'का', 'तू', 'खोटं', 'कंटाळा', 'जे म्हणायचंय ते इथे नाही' हेही हवं. गुप्तांगांची नावं, 'मारलं', 'हात लावला', 'भीती वाटते' आणि रात्रपाळी, चालक यांच्यासकट सगळ्यांचे फोटो हवेतच. याला हमखास विरोध होतो. 2012 साली 'द लॅन्सेट'मध्ये आलेल्या एकत्रित विश्लेषणात अपंग मुलांवर हिंसा होण्याची शक्यता इतर मुलांच्या साडेतीन पटींहून जास्त आढळली होती, तेव्हा विरोध झाला तरी शब्द ठेवा. मुलाने असं काही सांगितलं तर 'अमक्याने केलं का?' असं सुचवणारे प्रश्न विचारू नका. त्याने दाखवलेली घरं त्याच क्रमाने, तारीख-वेळेसह लिहा आणि त्या विभागाबाहेरच्या जबाबदार माणसाकडे द्या.

बोर्ड शिकवायचा म्हणजे परीक्षा घ्यायची नाही. 'दाखव बघू, पाणी कुठंय?' हे बंद. आपण बोलताना आपणच एक-दोन घरांना बोट लावायचं, दिवसभर, महिनोन्‌महिने.

'हो' आणि 'नाही' दोन्हींना स्वतंत्र खूण हवी. वर बघणं म्हणजे हो, बाजूला बघणं म्हणजे नाही, असं काही. गप्प राहणं म्हणजे नाही, असं धरू नका. झोप आली असेल, ऐकलं नसेल. पर्याय एकेक करून वाचणार असाल तर क्रम तोच, आवाज सपाट, आणि शेवटी दर वेळी 'यातलं काहीच नाही'. आपल्याला हवं ते उत्तर आलं की आवाज आपोआप चढतो, त्यावर लक्ष ठेवा. या खुणांचं एक पान पलंगापाशी आणि खुर्चीच्या मागे लावा, तीन रकान्यांचं: तो असं करतो, अर्थ बहुधा असा, तुम्ही असं करा. नवीन माणूस पाळीवर आला की आधी हे पान.

आता यंत्र. हाताने नेमका स्पर्श जमत असेल तर अॅप, नसेल तर नजर. पण आधी बसणं नीट करा: कंबर मागे टेकलेली, पायांना आधार. धड सावरण्यात शक्ती गेली की हात आणि डोळे दोन्ही भरकटतात. नजरेचं यंत्र घेण्याआधी पारदर्शक अॅक्रिलिकचा तक्ता करून बघा: साधारण 60 बाय 45 सेंटिमीटर, मध्ये चेहरा दिसेल एवढी खिडकी, कोपऱ्यांवर चित्रं. समोर बसा आणि त्याचे डोळे कुठे थांबतात ते पाहा. ते जमलं तर यंत्राचा विचार करा. खिडकीतलं ऊन थेट पडलं की यंत्र नजर पकडत नाही, चष्म्याच्या चमकेनेही गडबड होते. चार्जिंगला कोण लावणार त्याचं नाव पाळीच्या तक्त्यावर लिहा. त्याच मांडणीची कागदी प्रत खुर्चीला कायम बांधलेली हवी.

दोन गोष्टी राहिल्या. मनगट धरून त्याच्याकडून अक्षरं 'टाइप करून घेणारे' भेटतील, त्यांना दूर ठेवा. 1990च्या दशकातल्या नियंत्रित चाचण्यांत ते शब्द हात धरणाऱ्याचेच निघाले. आणि सेरेब्रल पाल्सीत डोळे ठीक असूनही मेंदूत दृश्य नीट न उमटण्याचा दोष असू शकतो. तसं असेल तर वरचा साठ घरांचा सल्ला बाजूला ठेवा: काळी पार्श्वभूमी, थोडी चित्रं, मध्ये भरपूर मोकळी जागा, आणि बाकीचे शब्द ऐकवून निवडायला द्यायचे.

खरेदीआधी यंत्र मुलाच्या नावावर असेल, संस्थेच्या नाही, हे लिहून घ्या. दुसऱ्या संस्थेत हलवलं की कपडे बरोबर जातात, यंत्र 'मालमत्ता' म्हणून मागे राहतं.