पार्किंगमधला खड्डा दर पावसात का उखडतो?

प्रश्न : फोंड्यातील आमच्या सोसायटीच्या डांबरी पार्किंगमध्ये एकच खड्डा दरवर्षी बुजवतो, जुलैत तो पुन्हा उघडतो. काय चुकते?

उत्तर : बहुधा खड्ड्यात माती आणि ओल तशीच ठेवून वरून डांबर ओतले जाते. ते धरत नाही. खड्ड्याभोवतीचा तडकलेला भागही चौकोनी कापा, कडा उभ्या ठेवा, घट्ट थर लागेपर्यंत खणा. तळाला चिखल झालेली जांभी माती दिसली तर ती काढून खडी भरा आणि धुमसाने ठोका. इथे आळस केला तर पुढचे सगळे वाया. ब्रशने साफ करून तळाला व कडांना डांबराचे इमल्शन (पाण्यात मिसळलेले डांबर) पातळ लावा आणि तपकिरी रंग काळा होईपर्यंत थांबा. मग डांबर-खडीचे मिश्रण ५ सेंमीच्या थरांनी भरून प्रत्येक थर दाबा. शेवटचा थर ५ मिमी उंच राहू द्या, गाड्यांनी तो बसतो. ६० × ६० × ५ सेंमीच्या खड्ड्याला सुमारे ४० किलो मिश्रण लागते. पक्के काम मे संपण्याआधी उरका. भर पावसात पिशवीतले कोल्ड मिक्स (न तापवता भरायचे डांबर-खडीचे मिश्रण) तात्पुरतेच. छपराची पन्हळ तिथेच सांडत असेल तर आधी ती वळवा.