लिलाव चालू, सर्व्हर बंद!

या महिन्यात गेमिंगवरची पत्रं नेहमीपेक्षा जास्त आलीत, सुट्ट्यांचा परिणाम असणार. त्यातली चार एकाच भानगडीची आहेत, गेममधला लिलाव आणि ऐन वेळी बसलेला सर्व्हर, म्हणून एकत्रच घेतो.

प्रश्न : मी खेळतो त्या गेममध्ये एका दुर्मिळ घोड्याचा लिलाव होता, रात्री साडेनऊला संपणार होता. समोरच्याची बोली ४१ हजार नाण्यांची होती आणि माझ्याकडे त्याच्या दुपटीहून जास्त नाणी होती, पण आधीच बोली टाकली की तो चढवतो म्हणून मी शेवटच्या दोन मिनिटांसाठी थांबलो होतो. नऊ वाजून दहा मिनिटांनी सर्व्हरच बसला तो दहानंतर उठला, तोवर घोडा त्याच्या तबेल्यात! कंपनी म्हणते लिलाव ठरल्या वेळी संपला. माझा मित्र म्हणतो की बंद सगळ्यांनाच होतं, मग अन्याय कुठे झाला? – एक वाचक, भुसावळ

उत्तर : काय भो, तुमच्या मित्राचं बोलणं ऐकायला एकदम बरोबर वाटतं पण तिथेच गोम आहे. बंद सगळ्यांना होतं हे खरं, पण ज्याची बोली आधीच वर होती त्याला काही करायचंच नव्हतं ना, त्याने फक्त वाट बघायची होती आणि वाट बघायला सर्व्हर लागत नाही. हात बांधले गेले ते बाकीच्यांचे. म्हणजे सर्व्हर पडला की तो पडतोच मुळी पुढे असलेल्याच्या बाजूने, आणि विकणाऱ्याच्या विरोधात, कारण त्याला तुमच्याकडून मिळू शकणारी जास्तीची नाणी मिळालीच नाहीत.

आता हे होतं कसं ते बघा. बहुतेक ठिकाणी लिलाव सुरू झाला की डेटाबेसमध्ये संपायची तारीख-वेळ लिहून ठेवली जाते, उदाहरणार्थ आज रात्री ९:३०. सर्व्हर बंद पडला तरी घड्याळ थोडंच थांबतं? मशीन परत उठली की ती आधी हिशोब करते, कोणाकोणाची वेळ उलटून गेली, आणि तेवढे सगळे लिलाव एका झटक्यात निकालात काढते. यात कोणी मुद्दाम घोडा दिला असं नाही, पण प्रोग्राम लिहिणाऱ्याने 'मधे बंद पडलं तर काय' हा विचार केला नाही हे मात्र नक्की, आणि ती चूक खेळणाऱ्याच्या माथी मारायची हे मला पटत नाही.

आपल्याकडे भादव्यात बाजार समितीत मूग-उडदाचे लिलाव चालू असतात, घोळका एका ढिगावरून दुसऱ्या ढिगावर सरकत असतो, बोली चढत असते, आणि मधेच धो धो पाऊस आला तर ताडपत्र्या पडतात, सगळे शेडखाली पळतात. तेव्हा शेवटची बोली ज्याची त्याला माल देऊन टाकला तर शेतकरी ऐकून घेईल का? पाऊस उघडला की त्याच ढिगावर पुन्हा बोली. गेमवाल्यांना एवढंच करायचं होतं.

आणि हे काही नवीन नाहीये. ईबे ही लिलावाची साईट जून १९९९ मध्ये सलग २२ तासांच्या आसपास बंद पडली होती, लाखो लिलाव मधेच लटकले. त्यांनी लिलावांची मुदत वाढवली आणि विकणाऱ्यांची फी परत केली, लाखो डॉलरचा फटका सोसून. मोठा बिघाड झाला की लिलाव २४ तास पुढे ढकलायचा असाही नियम त्यांच्याकडे होता. २४ च का, जेवढा वेळ बंद तेवढाच का नाही? हे मला फार आवडतं. समजा सर्व्हर पाच तास बंद होता आणि तुम्ही बरोब्बर पाच तास वाढवले, तर साडेनऊचा लिलाव रात्री अडीचला संपणार, म्हणजे ज्यांना सकाळची ड्युटी आहे ते सगळे बाद, एक अन्याय काढून दुसरा बसवला. २४ तास दिले की दुसऱ्या दिवशी तीच वेळ येते आणि त्या वेळी जागी असणारी माणसंही साधारण तीच असतात.

आता एक कडू गोष्ट पण सांगतो. शेवटच्या दोन मिनिटांत बोली टाकायची ही तुमची युक्ती जगभर चालते पण तिच्यात जोखीम तुम्हीच घेतलेली असते. यावरचा साधा उपाय फार पूर्वी निघालाय. अ‍ॅमेझॉनचे एके काळी स्वतःचे लिलाव होते, तिथे शेवटच्या १० मिनिटांत कोणी बोली टाकली की लिलाव आपोआप लांबायचा, त्यामुळे अगदी शेवटच्या सेकंदाला झडप घालण्यात अर्थच राहायचा नाही आणि लोक आधीपासून बोली लावायचे. बँका थकबाकीदारांची घरं-प्लॉट ई-लिलावात काढतात त्या नोटिसा पेपरात वाचा, तिथेही पाच पाच मिनिटांच्या मुदतवाढीची ओळ बऱ्याचदा सापडते. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाईन गेमने तर वेगळंच केलं, कित्येक वर्षं तिथल्या लिलावात नेमकी किती मिनिटं उरली ते दाखवायचेच नाहीत, फक्त 'थोडा', 'मध्यम', 'बराच' असा अंदाज, मग शेवटची दोन मिनिटं पकडणार कशी?

घोडा परत मिळेल का विचाराल तर मला नाही वाटत, आणि समोरच्याकडून काढूनही घेऊ नये, त्याने लबाडी कुठे केली? कंपनीने तुम्हाला आणि विकणाऱ्याला काहीतरी भरपाई द्यावी, तेवढं मागा आणि लेखी मागा.

प्रश्न : मी गेममध्ये चिलखतं बनवून लिलावात टाकतो. सर्व्हर बंद असताना माझ्या सगळ्या वस्तूंची मुदत संपली, काही पडेल भावात गेल्या, काही न विकता परत आल्या आणि टाकताना भरलेलं डिपॉझिट पण गेलं. विकणाऱ्याचं कोणी बोलतच नाही. – शिरपूरहून

उत्तर : खरंय, सगळा आरडाओरडा घेणाऱ्यांचा असतो. डिपॉझिटचा हेतू काय असतो, तर कोणी वाटेल त्या भावाने कचरा टाकून बाजार भरू नये. वस्तू विकली गेली की ते परत, नाही विकली तर जप्त, बऱ्याच गेममध्ये अशीच पद्धत आहे. पण दुकानच बंद होतं तेव्हा गिऱ्हाईक आलं नाही म्हणून दंड कसला? हे डिपॉझिट परत मिळायलाच पाहिजे, आणि ते द्यायला अवघडही नाही, कोणत्या लिलावांची मुदत बंदच्या काळात संपली हे त्यांच्याच नोंदीत असतं.

मात्र आधी जाहीर केलेलं मेंटेनन्स, म्हणजे देखभालीसाठी ठरवून ठेवलेला बंद, असेल तर मी तुमच्या बाजूने नाही. अमेरिकेतल्या सर्व्हरचं मंगळवारी सकाळचं काम म्हणजे आपल्याकडे मंगळवारची संध्याकाळ किंवा रात्र, हे एकदा लक्षात घेतलं की त्या वेळेला संपेल असा माल टाकायचाच नाही, २४ ऐवजी ४८ तासांची मुदत लावायची.

प्रश्न : सर्व्हर चालू होता पण आमच्याकडे लाईट गेली, वायफाय बंद, मोबाईलला रेंज नाही. लिलाव हातचा गेला. मुदत वाढवून मागता येईल का? – चोपडा तालुक्यातून

उत्तर : नाही हो. एखादा व्यापारी रेल्वे फाटकात अडकला म्हणून बाजार समिती लिलाव थांबवत नाही. लाईटचा काही भरवसा नसेल तर, गेममध्ये सोय असल्यास, आपली कमाल बोली आधीच भरून ठेवायची, मग समोरचा चढवेल तशी सिस्टीम तुमच्या वतीने थोडी थोडी चढवत जाते आणि तुमचा आकडा कोणाला दिसत नाही. ही सोय नसेल तर राऊटरला छोटा यूपीएस लावा, त्याला पर्याय नाही.

प्रश्न : आमचा वीसेक पोरांचा ग्रुप आहे, मिळालेल्या वस्तू आम्ही आपसात गेमच्या नाण्यांवर लिलावाने वाटतो. मागच्या वेळी मधेच सर्व्हर गेला आणि भांडणं झाली, दोघं ग्रुप सोडून गेले. काय नियम करावा? – ग्रुपचा अ‍ॅडमिन, जळगाव

उत्तर : नियम काय करता यापेक्षा कधी करता हे महत्त्वाचं, कारण सर्व्हर पडल्यावर केलेला कुठलाही नियम कोणाच्या तरी बाजूचाच दिसतो, मग तुम्ही कितीही सरळ असा. आत्ता, कोणतीही वस्तू समोर नसताना, ग्रुपवर लिहून पिन करा. मी असं लिहीन : शेवटच्या तासात सर्व्हर दहा मिनिटांपेक्षा जास्त बंद राहिला तर लिलाव दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला संपेल, आधीच्या बोल्या कायम राहतील पण ज्याला मागे घ्यायची त्याला घेता येईल, आणि शेवटच्या पाच मिनिटांत नवी बोली आली की आणखी पाच मिनिटं. सर्व्हर बंद होता की नाही हे कोणी ठरवायचं तेही लिहा, अ‍ॅडमिन स्वतः बोली लावत असेल तर त्या लिलावापुरता निर्णय दुसऱ्याकडे द्यायचा. सर्व्हर जुन्या बॅकअपवरून उठला आणि मधल्या बोल्याच पुसल्या गेल्या असंही होतं, म्हणून प्रत्येकाने आपल्या बोलीचा स्क्रीनशॉट वेळेसकट टाकायचा.

आणि गेलेल्या त्या दोघांना फोन करा, मेसेज नको.

जाता जाता, दोघा-तिघांनी विचारलंय की नाणी खऱ्या पैशांनी घेतली होती, मग तक्रार कुठे? आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा असतो. तिथे काही झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५, मराठीतही बोलता येतं. यूपीआयची पावती जवळ ठेवूनच फोन लावा, पहिला प्रश्न तोच येतो.